गेमिंग पीसी, मोबाईल, प्रायव्हसी: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

एकदा कुणाचा तरी बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला की माणूस जन्माचा 'कॉम्प्युटरवाला' होतो, तसा मी झालोय. कॉलेजात मित्रांचे पीसी असेंबल करून द्यायचो, आता नोकरी वेगळीच आहे पण फोन काही थांबत नाहीत, दिवाळीच्या आधी आणि बारावीच्या निकालानंतर तर रांगच लागते. प्रश्न तेच, उत्तरं तीच. म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवलंय. फोन केल्यावर मी हीच लिंक पाठवली तर रागावू नका.

गेमिंगसाठी लॅपटॉप घेऊ की पीसी?

हॉस्टेलवर असाल, दर सहा महिन्यांनी रूम बदलत असाल तर लॅपटॉप. बाकी सगळ्यांनी पीसी. खरं तर उत्तर एवढंच आहे पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून पुढचं सांगतो. पीसीत एक पार्ट गेला तर तेवढा पार्ट बदलायचा, विषय संपला. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती गेली की अख्खा बोर्ड बदला नाहीतर नवीन लॅपटॉपच घ्या. शिवाय त्याच पैशात पीसी जास्त पळतो, कमी तापतो आणि तीन वर्षांनी नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलून परत जवान होतो.

पण लॅपटॉपवर पण तेच आरटीएक्स ग्राफिक्स कार्डाचं स्टिकर आहे, दुकानदार म्हणाला सेम कार्ड आहे.

नाव सेम आहे, कार्ड सेम नाही. आरटीएक्स ३०६० चंच बघा, पीसीवालं कार्ड १२ जीबी मेमरीचं आणि १७० वॅट खाणारं, लॅपटॉपवालं ६ जीबीचं आणि ६० ते ११५ वॅटच्या मध्ये कुठेतरी. त्यातही गंमत अशी की नक्की किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ४०६० च्या लॅपटॉपला तर ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही असू शकतात, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन लॅपटॉप, दोन्हींवर तेच हिरवं स्टिकर, आणि गेम लावला की एक पळतोय आणि दुसरा धापा टाकतोय. या वॅटच्या आकड्याला टीजीपी म्हणतात. दुकानात गेल्यावर 'याचा टीजीपी किती' एवढंच विचारा, निम्म्या सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो. सांगता आला नाही तर कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, बऱ्याचदा अगदी खाली बारीक अक्षरात असतो. तिथेही नसेल तर मी तो लॅपटॉप घेणार नाही, कारण आकडा चांगला असता तर त्यांनी मोठ्या अक्षरात छापला असता.

एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) एवढे पैसे कशाला घालवायचे? कॅबिनेटबरोबर फ्री मिळतोय की.

या एका प्रश्नासाठी हे अख्खं पान लिहिलं असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे पीसी घेताना पैसा कुठे जातो बघा. काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे, लाईटवाला कीबोर्ड. दिसतं ते सगळं भारी. एसएमपीएस आत खाली कुठेतरी पत्र्याच्या मागे असतो, तो कुणाला दाखवता येत नाही, म्हणून बजेट ताणलं की पहिली कात्री त्याच्यावर. आणि अख्ख्या पीसीतला प्रत्येक पार्ट त्याच्याकडून करंट घेतो! माझ्या मावसभावाने असंच केलं, ग्राफिक्स कार्ड चांगलं घेतलं आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, खोक्यावर ५०० वॅट छापलेलं पण वजन बघितलं तर हातात थर्माकोलचा तुकडा घेतल्यासारखं. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी ठप्प असा आवाज आला, जळका वास आला, आणि जाताना तो मदरबोर्डलाही बरोबर घेऊन गेला. वाचवले किती तर अडीच हजार.

काय बघायचं ते सांगतो. ओळखीच्या कंपनीचा घ्या, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्याच्या वरचं सर्टिफिकेट असलेला घ्या, आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी बघा. (८० प्लस म्हणजे वीज किती वाया जाते त्याचं माप आहे, क्वालिटीची गॅरंटी नाही, पण थर्माकोलवाले त्या वाटेला जात नाहीत.) वॅट मोजताना ग्राफिक्स कार्डच्या कंपनीने साईटवर दिलेला आकडा धरा आणि वर थोडं सोडा, कारण कार्ड मध्येच एका क्षणासाठी जास्त करंट ओढतं आणि काठावरचा एसएमपीएस तिथेच मान टाकतो.

मग यूपीएस किती व्हीएचा? घरी इन्व्हर्टर आहे, तो चालेल ना?

व्हीए म्हणजे वॅट नाही, इथे बरेच जण फसतात. ६०० व्हीएचा जो नेहमीचा छोटा यूपीएस मिळतो तो साधारण ३६० वॅट देतो. ऑफिसच्या पीसीला ठीक, पण गेम चालू असताना लाईट गेली की गेमिंग पीसी त्याच्यासकट बंद. ११०० च्या आसपासचा घ्या म्हणजे निदान सेव्ह करून शटडाऊन करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. यूपीएस त्यासाठीच असतो, मॅच पूर्ण करायला नाही.

इन्व्हर्टरचं असं की स्वस्तातले जुने इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे असतात, पंखा-ट्यूब चालते पण हल्लीचे चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुर करतात, काही चक्क बंद पडतात. साईन वेव्हचा असेल तर अडचण नाही. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर गुरुवारी मला कुणाचा तरी 'अपडेट चालू असताना लाईट गेली, आता पीसी चालू होत नाही' असा फोन असतो.

तपकीर गल्ली, लॅमिंग्टन रोड की ऑनलाईन?

भाव आधी ऑनलाईन बघा, मग गल्लीत जा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुमच्याकडेच बघत बसतील). तिथे घासाघीस होते, पार्ट हातात घेऊन बघता येतो आणि काही बिघडलं तर जाऊन भांडायला समोर एक माणूस असतो, या शेवटच्या गोष्टीची किंमत ऑनलाईनच्या डिस्काउंटमध्ये धरलेली नसते.

फक्त एक. काउंटरवर हळूच विचारतात, 'बिल हवंय का? बिलाशिवाय घेतलंत तर कमी करतो.' जीएसटी १८ टक्के, म्हणजे साठ हजारांच्या मालावर दहा हजारांच्या वर वाचतात, मोह होतो, मला पण झाला होता. नाही म्हणा. ग्राफिक्स कार्डला तीन वर्षांची वॉरंटी असते, रॅमला तर बऱ्याच कंपन्या लाईफटाईम देतात, आणि सर्व्हिस सेंटरला गेलात की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न बिलाचा. पक्कं बिल घ्या, त्यावर तुमचं नाव आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवा, कारण थर्मल पेपरवरची शाई वर्षभरात उडून जाते आणि हातात कोरा कागद उरतो.

दुकानदार दादच देत नसेल तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलतात. तिथेही हातात बिल असेल तरच मजा आहे.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेऊ का? मायनिंगचं असलं तर?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. मायनिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड राबवून इथरसारखी क्रिप्टोकरन्सी कमावणं. विषय असा की १५ सप्टेंबर २०२२ ला इथरमागच्या इथेरियमची सिस्टिम बदलली आणि ग्राफिक्स कार्डावर इथर काढणं एका दिवसात बंद झालं, त्यानंतर मायनिंगवाल्यांची कार्डं ढिगाने बाजारात आली. लोकांना वाटतं चिप घासली जाते. चिपचं फारसं काही होत नाही, ती एकाच वेगाने शांतपणे चालत असते. वाट लागते ती पंख्यांची आणि आतल्या थर्मल पॅडची, कारण ती चोवीस तास तापलेली असतात. हे दोन्ही बदलता येतं.

त्यापेक्षा भीती नकली कार्डाची. दहा वर्षं जुन्या चिपवर नवीन नाव फ्लॅश करून विकतात, विंडोजमध्ये बघाल तर नवीनच नाव दिसतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं की बरीचशी नकली कार्डं उघडी पडतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन कार्ड त्याच्याच पीसीत लावायला सांगा, पंधरा-वीस मिनिटं दमवणारी टेस्ट चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके येतात का बघा. 'स्टेशनवर भेटू, घाई आहे' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

रॅम अचानक एवढी महाग का झाली?

एआयमुळे, आणि यावेळी हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. जगात मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला लागणारी मेमरी विकली की त्यांना जास्त पैसे मिळतात, मग कारखाने तिकडे वळले आणि २०२५ च्या शेवटी आपल्या रॅमचे भाव चढले ते चढलेच. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय. जी रॅम आपण डोळे झाकून सुचवायचो ती! आता करायचं काय, तर जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम टाकून देऊ नका, आणि नवीन पीसी घेताना १६ जीबीची एकच स्टिक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवला तरी चालेल. ड्युअल चॅनेलवाले ('दोन स्टिक लावल्या की जास्त पळतो' म्हणणारे) ओरडतील, ओरडू द्या.

१४४ हर्ट्झ आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये फरक खरंच दिसतो?

हो. ६० ला चित्र साधारण १६.७ मिलीसेकंदाला बदलतं, १४४ ला ६.९ ला. नुसता माऊस फिरवला तरी कळतं. त्याच्यावर २४० वगैरे मला स्वतःला ओळखू येत नाही, पंचविशीतल्या पोरांना येत असेल. आणि हो, घेतल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ सिलेक्ट करायचं असतं! दोन वर्षं १४४ चा मॉनिटर ६० वर वापरणारा माणूस माझ्या ओळखीत आहे, नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे.

आरजीबी लाईटने परफॉर्मन्स वाढतो का?

नाही.

पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊ की पीसी?

फक्त खेळायचंय, सोफ्यावर बसून खेळायचंय आणि ड्रायव्हर-अपडेट या शब्दांनी डोकं फिरतं, तर पीएस५. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ला आला होता, आणि पूर्वीचा अनुभव असा की कन्सोल जुना होईल तसा स्वस्त होतो, यावेळी उलटंच झालं, नंतरचा स्लिम आला तोच ५४,९९० ला. डिस्कवाला घ्या हा माझा हट्ट. आपल्याकडे नवीन गेम चार-पाच हजाराला असतो, डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. डिजिटलवाल्याने (बिनडिस्कचा घेणाऱ्याने) सुरुवातीला वाचवलेले दहा हजार कंपनी पाच-सहा गेममध्ये त्याच्याकडूनच वसूल करते.

निन्टेंडो स्विच आणि स्टीम डेक, हे हातात धरून खेळायचे कन्सोल, भारतात कंपनी अधिकृतपणे विकतच नाही. दुकानात दिसतात ते बाहेरून आणलेले असतात, मस्त मशीन आहेत दोन्ही, पण वॉरंटी म्हणजे तो दुकानदार आणि त्याचा शब्द. दुबई-अमेरिकेहून कुणी येणार असेल तर त्याच्याकडून मागवा, निदान दुकानदाराचं मार्जिन वाचेल.

कंट्रोलर आपोआप एका बाजूला चालतो.

स्टिक ड्रिफ्ट. आत स्टिक किती सरकली ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून झिजतो. पुढच्या वेळी हॉल इफेक्टवाला घ्या, त्यात लोहचुंबकावर काम चालतं, घासायला काही नसतंच.

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात) विकत घेतलेला गेम माझाच ना?

नाही हो. तुम्ही लायसन्स घेता. कॅलिफोर्नियात कायदा झाला त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरायच्या स्क्रीनवर हे स्वतःच लिहितं. अकाउंट गेलं की गेम गेले. एवढं सगळं कळून मी घेतो का? घेतो, समर सेलमध्ये दोनशे रुपयांना मिळतो म्हटल्यावर माझं पण तत्त्वज्ञान पातळ होतं. पण जो गेम कायमचा हवाय तो जीओजी या दुसऱ्या ऑनलाईन दुकानात असेल तर तिथून घ्या, तिथे इन्स्टॉलर डाउनलोड करून स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवता येतो.

व्हॅलोरंट गेम चालू होत नाही, टीपीएम की सिक्युअर बूट कायतरी मागतंय. करू का ऑन? पीसी खराब होणार नाही ना?

खराब होणार नाही, ही दोन्ही पीसीची सिक्युरिटी सेटिंग आहेत, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ऑन करा. फक्त त्याआधी विंडोज कोणत्या मोडमध्ये टाकलंय ते बघून घ्या, जुन्या लेगसी मोडमध्ये असेल तर ऑन केल्यावर बूटच होणार नाही आणि मग मला फोन येईल.

तुम्ही विचारलं नाही तरी दुसरी गोष्ट सांगतो. व्हॅलोरंटचं व्हॅन्गार्ड हे ॲन्टीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं आणि पीसी चालू झाल्यापासून चालू असतं, तुम्ही गेम उघडा नाहीतर एक्सेल उघडा. कर्नल म्हणजे घराचा असा कोपरा जिथून सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या लागतात. कंपनी म्हणते आम्ही फक्त चीटिंग बघतो, आणि चोऱ्या पकडायला तेवढं आत जावंच लागतं हेही खोटं नाही, चीट बनवणारेही तिथेच बसलेले असतात. पण तिथे चूक झाली तर काय होतं हे १९ जुलै २०२४ ला जगाने बघितलं. क्राउडस्ट्राईकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकलं, ते पण कर्नलमध्येच बसायचं, आणि ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर जाऊन अडकल्या, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. त्याचा गेमिंगशी काही संबंध नव्हता, कुणी वाईट हेतूनेही केलं नव्हतं.

माझ्यापुरता तोडगा: बँकेचं, इन्कम टॅक्सचं काम लॅपटॉपवर, गेमिंग फक्त पीसीवर. एकच मशीन असेल तर निदान खेळणं बंद केल्यावर व्हॅन्गार्ड अनइन्स्टॉल करा, गेम काढला तरी ते वेगळं राहून जातं.

विंडोज १० वर आहे, अजून मस्त चालतंय, बदलू का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. मशीन चालत राहणार, पण भोकं बुजवणारी अपडेट येणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी अपडेट ठेवली आहेत, ती घ्या आणि तेवढ्या वेळात ठरवा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. बाबांचा जुना पीसी त्यात बसत नसेल आणि त्यांना फक्त यूट्यूब, मेल आणि लोकसत्ता वाचायचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून द्या. मी माझ्या वडिलांना दिलंय, त्यांना वाटतं विंडोजच आहे.

फोन आपलं बोलणं ऐकतो का? परवा मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात!

हा प्रश्न लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये, सगळीकडे विचारून झालाय. सतत ऐकत असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त ॲन्ड्रॉइड ॲप तपासली, चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. (काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवताना मात्र सापडली, म्हणजे शोधायला गेले एक आणि हाती लागलं दुसरंच.) व्हॉइस असिस्टंट चुकून जागा होतो हे खरं, सिरीच्या तशा रेकॉर्डिंगवरून झालेला खटला ॲपलने साडेनऊ कोटी डॉलरवर मिटवला, चूक कबूल न करता.

मग मिक्सर कसा आला? तुम्ही बोललात, पण बायकोने आधी सर्च केलं होतं आणि दोघं एकाच वायफायवर. किंवा बहिणीकडे गेलात, तिने गेल्या आठवड्यात घेतला, तुमचे फोन दोन तास एकाच घरात होते आणि एकमेकांचे नंबर सेव्ह आहेत. तुमचं वय, एरिया, नुकतं घर बदललंय, हे सगळं त्यांना माहीत आहे. आणि दिवसभरात ज्या शंभर जाहिरातींबद्दल आपण काहीच बोललो नव्हतो त्या कुणाच्या लक्षात राहतात? मला विचाराल तर हे ऐकण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे, ऐकायची गरजच पडत नाही त्यांना.

तरी शंका असेल तर ॲन्ड्रॉइड १२ पासून माईक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, आयफोनवर केशरी. सेटिंगमध्ये परमिशन मॅनेजर उघडा आणि माईक कुणाकुणाला दिलाय ते बघा. टॉर्चच्या ॲपला माईक कशाला लागतो ते मला पण कळवा.

इनकॉग्निटोमध्ये उघडलं की कुणाला कळत नाही ना?

घरच्यांना कळत नाही. बाकी सगळ्यांना कळतं.

व्हीपीएन घेऊ का? यूट्यूबवर सगळेच सांगतात.

सगळे सांगतात कारण सगळ्यांना त्याचे पैसे मिळतात. व्हीपीएनने तुमचं ब्राउझिंग इंटरनेट कंपनीपासून लपतं आणि व्हीपीएन कंपनीला दिसायला लागतं, विश्वास फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. फुकटवाला तर नकोच. ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन होतं, फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात हे त्यातून बघत बसले, २०१९ मध्ये बंद करावं लागलं.

भारतात अजून एक भानगड आहे, एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची, त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी इथले सर्व्हरच काढून टाकले. आणि व्हीपीएनने पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी होतो हा गैरसमज डोक्यातून काढा, मुंबईच्या सर्व्हरवर खेळायला सिंगापूरला वळसा घालून गेलात तर पिंग कमी होईल कसा?

व्हॉट्सॲप सेफ आहे का?

मेसेज मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, २०१६ पासून एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन आहे. पण कुणाशी बोलता, कधी, किती, ही माहिती एन्क्रिप्ट नसते. २०२१ मध्ये ती प्रायव्हसी पॉलिसी आली होती, 'मान्य करा नाहीतर निघा' टाईप, त्यावरून कॉम्पिटिशन कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, म्हणजे मेटाला, २१३.१४ कोटींचा दंड लावला. तुम्ही आज करायची गोष्ट एकच, चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप ऑन करा, ते आपोआप ऑन नसतं. म्हणजे दाराला भारीतलं कुलूप आणि मागची खिडकी उघडी. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, विसरलात तर बॅकअप गेलाच.

दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात, द्यावाच लागतो का?

अजिबात नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असं म्हणू नका. आमच्या मावशीने एका मॉलमध्ये वीस मिनिटं वाद घातला, काउंटरवरचा मुलगा बिचारा म्हणतोय 'मॅडम, सिस्टिम पुढेच जात नाही' आणि मावशी म्हणतेय 'मग सिस्टिमला तुझा नंबर दे.' शेवटी मॅनेजर आला, दहा वेळा नऊ टाकला आणि सिस्टिम पुढे गेली.

पण माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? घेऊ दे की माहिती.

बाथरूमला कडी लावता ना? आत काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं, तरी लावता.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आमच्या ऑफिसमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याने एका लोन ॲपवरून आठ हजार घेतले, इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्टची परमिशन मागितली, दिली, सगळेच देतात. एक हप्ता चार दिवस लेट झाला आणि त्याच्या बॉसला, होणाऱ्या सासऱ्याला आणि गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मेसेज गेले की हा माणूस चोर आहे. लपवण्यासारखं त्याच्याकडेही काही नव्हतं. आणि मुळात ते कॉन्टॅक्ट त्याचे एकट्याचे कुठे होते, सासऱ्यांना कुणी विचारलं होतं का, 'तुमचा नंबर देऊ का' म्हणून? (गूगलने २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरच्या पर्सनल लोन ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला बंदी केली. लिंकवरून टाकलेल्या ॲपला ती लागू नाही.)

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. केस कुणाची, तर के. एस. पुट्टस्वामी, ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश. आपण तीस-पस्तिशीत 'जाऊ दे ना' म्हणतो. त्यानंतर २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, दंड २५० कोटींपर्यंत आहे. सरकारी खात्यांना त्यात ज्या सवलती आहेत त्या मला खटकतात.

मुलगा दिवसभर बीजीएमआय खेळतो. बंदी आली होती ना त्याच्यावर?

पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये आली, मग २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने आला, २०२२ मध्ये तोही गायब, मे २०२३ मध्ये परत. त्यात अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, फक्त पोरं तुमचं वय टाकून खेळतात. ऑगस्ट २०२५ चा नवीन कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, रमी वगैरे, बीजीएमआय त्यात येत नाही. बंदीची वाट बघण्यापेक्षा प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, तुमचं यूपीआय त्याच्या फोनमधून काढा आणि एकदा शेजारी बसून दोन मॅच बघा. तो कुणाशी बोलतोय ते तरी कळेल.

फोन हरवला / पैसे गेले / 'डिजिटल अरेस्ट'चा कॉल आला.

फोन हरवला तर पोलिसात तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ब्लॉक करा. तो नंबर आत्ताच *#०६# डायल करून लिहून ठेवा, हरवल्यावर कुठून डायल करणार? हेच संचार साथी ॲप प्रत्येक नवीन फोनमध्ये सक्तीने टाकायचा आदेश निघाला होता, आरडाओरडा झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये मागे घेतला. चांगली सोय आहे, फक्त वापरायची की नाही ते आपण ठरवू.

पैसे गेले तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन), मग बँक, मग मला. लोक बरोबर उलटं करतात, मला फोन करून अर्धा तास रडतात, आणि तेवढ्यात पैसे तीन खात्यांतून फिरून निघून जातात. १९३० वर लवकर कळवलं तर ते मधल्या खात्यात अडवता येतात.

'आम्ही पोलीस, तुम्हाला फोनवरच अटक केलीय, पैसे भरा' असा तो कॉल असतो. डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. फोन कट करा. 'सर' म्हणून दोन मिनिटं नम्रपणे बोलत पण बसू नका, आपल्या आई-बाबांची चूक तिथेच होते.

बरं, मग माझा पीसी बनवून देशील का?

देतो. रविवारी सकाळी या, पार्ट तुम्ही आणायचे, बिल तुमच्या नावाचं, एसएमपीएस मी सांगेन तो. स्क्रूड्रायव्हर आणि थर्मल पेस्ट माझ्याकडे आहे. विंडोजचं लायसन्स विकत घ्या, क्रॅक मागू नका. बायोस अपडेट करायला लागलं तर दुपार होईल, मिसळ तुमच्याकडून. गुरुवारी येऊ नका, लाईट नसते.